पुढच्या सीटचा मान

आमच्या ह्यांचं लायसन निलंबित झालं ते त्यांच्या स्वतःच्या तोंडामुळे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर गावात लोक उगाच आरटीओच्या साहेबाला नावं ठेवतात. साहेब भला माणूस होता. त्याने सुटायला दार उघडून दिलं होतं, आमच्या ह्यांनी ते आतून लावून घेतलं.

हे म्हणजे तुळशीराम, वडपे गावचे. हायवेच्या कडेला गोडाऊनं उभी राहिली तेव्हापासून ह्यांचा टेम्पो शेजारच्या पूर्णे गावातल्या एका गोडाऊनला लागलेला आहे. चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. दारूचा थेंब नाही, तंबाखू होती तीही माझ्या धाकाने सुटली. खोड एकच. ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. गावात हळद असो, साखरपुडा असो की बारसं असो, टेम्पो धुऊन मैदानात उभा. मागचा फाळका खाली पाडलेला, आत सतरंजी, आणि बायकांना वर चढवायला हे कडेला उभे राहून ओरडणार, "चरा गो बायांनो, चरा!" आम्हा आगऱ्यांत हळदीला अख्खं गाव जातं. अख्खं गाव मिनीबसमध्ये मावत नाही, टेम्पोत मावतं. एवढं गणित आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही येतं.

तर गेल्या हंगामात असेच एका हळदीला निघालो होतो. मी मागे ढोल आणि रुखवताच्या मधोमध. बायका, बायकांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर लाडवांचे डबे. बायपासला तपासणी लागली होती. साहेबाने टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि विचारलं, "मागे काय भरलंय?"

ह्यांना वाटलं, जास्तीच्या मालाची तपासणी आहे. छाती फुगवून म्हणाले, "माल म्हनशाल तं एक किलोबी न्हाय साहेब. बगा उघरून. निसती मानसा हान!"

साहेबाने फाळका उघडला. आम्ही सगळ्यांनी त्याला हात जोडले. एकीने तर लाडू पुढे केला.

मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हा नियम ह्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पण ह्यांच्या मते तो नियम मजूर कोंबून नेणाऱ्यांसाठी होता. घरची माणसं त्यात कशी येतील? घरची ती घरची. पुढे आरटीओची नोटीस आली, म्हणणं मांडायला बोलावलं, तेव्हा मी सोबत गेले. ह्यांना एकटं पाठवायची माझी छाती नव्हती.

साहेबाने कागद पाहिले, ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. पहिलीच वेळ असेल ना? काही अडचण आली असेल?"

एवढ्यावर नुसती मान हलवायची होती. पण ह्यांना तो अपमान वाटला. "पयली कशी साहेब? आमचे गावान माजे गारीबिगर एकबी लगीन लागला न्हाय. कुनालाबी इचारा!"

मी मागून सदरा ओढला. सदरा ओढल्यावर ह्यांना आणखी दोन लग्नं आठवली.

साहेबाने पेन उचललं. तीन महिने लायसन निलंबित. परत हवं तर उजळणीचं प्रशिक्षण पुरं करायचं. आणि या काळात स्टेअरिंगला हात लावला, किंवा पुढे पुन्हा माणसं भरलेली सापडली, तर कायमचं रद्द व्हायची पाळी येईल. "मग टेम्पोला रोज हार घाला आणि बघत बसा," असं तो म्हणाला. चांगल्या शब्दांत म्हणाला, पण म्हणाला.

घरी आल्यावर हे ओट्यावर बसून टेम्पोकडे पाहत राहिले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटून टेम्पो चालत नाही. गोडाऊनवाल्याने दुसरी गाडी लावली असती तर आमची जागा गेली असती. आमची दिपाली त्याच गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर डिस्पॅचचं काम करते. तिने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "मितेश मोकला हाय सध्या."

"कोन मितेश?" ह्यांनी विचारलं.

"पूर्ण्याचे नवशाकाकांचा. त्याचे लायसनवर आजपरत एक चलान न्हाय."

मितेश कधी मोकळा असतो हे आमच्या पोरीला इतकं पक्कं कसं ठाऊक, हे मला वर्षभरापासून माहीत होतं. बापाला अशा गोष्टी शेवटी कळतात. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मितेश मोटरसायकलवरून आला. उंच, शांत पोरगा, बोलणं कमी. टेम्पोभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिले, दिवे लावून पाहिले, फोन बंद करून खणात टाकला. हे डावीकडे जाऊन बसले. आपली गाडी परक्याच्या हातात एकटी सोडायची, हे ह्यांना जमण्यासारखं नव्हतंच.

"काका, पट्टा," मितेश म्हणाला.

"मना कला पट्टा? मी काय गारी चालवतंय?"

"पट्टा लावल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही, काका."

ह्यांनी पट्टा लावला आणि घराकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच त्यांना बांधून घातलंय.

तिथून रोज संध्याकाळी माझ्यापुढे तक्रार यायची. पोरगा हॉर्न वाजवत नाही. जॅममध्ये कुणाच्या पुढे घुसत नाही. गोडाऊनवाला म्हणाला, अजून चार खोकी टाक, तर हा म्हणतो वजन झालं. शेजारी बसून ह्यांचा पाय दिवसभर रिकाम्या पत्र्यावर ब्रेक मारायचा. रात्री पोटरी दुखायची आणि तेल मी चोळायचे. पण हळूहळू तक्रारींचा सूर बदलला. "गियर तसा बरा टाकतंय." मग, "रिवर्स माजेसारकाच मारतंय." मग एक दिवस, "आज मी गारीन झोपलो गो."

दुसऱ्याच्या हातात गाडी असताना हे झोपले! मला याहून मोठा शकुन नको होता. त्याच जेवणात मी विषय काढला. दिपालीच्या मनात काय आहे ते सरळ सांगून टाकलं.

ह्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "ड्रायवर बरा हाय. पन निसता ड्रायवर बरा असून काय कराचा? मानूस कसा हाय ते बगाला पायजे. चार मानसांचे उपेगी परतंय का न्हाय, ते मी बगीन. मंग सांगतंव."

दिपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पोरीचं सगळं आयुष्य आता ह्यांच्या "बगीन"वर टांगलेलं होतं, आणि ह्यांचं "बगीन" म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. जो नाही म्हणत नाही, तोच ह्यांच्या लेखी माणूस.

आणि ती परीक्षा लगेच आली. ह्यांच्या पूर्ण्यातल्या बहिणीची मुलगी रुचिका, तिची हळद होती. आमच्याकडून सगळी आळी निघाली. या खेपेला मी मिनीबस सांगून ठेवली होती. पण मिनीबस बायपासला अडकली. ड्रायव्हरचा फोन आला की गाडी जागची हलत नाही. आणि आमच्यासोबत होती ठमाबाय, आमची धवलारीण. ती धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गाते, एकेक विधी आपल्या हाताने करून घेते. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ओळ तिने सांगायची आणि मागून मी उचलायची, असं आमचं बऱ्याच वर्षांचं आहे.

नेमका त्या वेळी मितेश रिकामा टेम्पो घेऊन पूर्ण्याला माल भरायला निघालेला. हे शेजारच्या सीटवर. मैदानात बायका पाहिल्या आणि ह्यांचा चेहरा उजळला. टेम्पो थांबवायला लावून खाली उतरले, मागे गेले आणि जुन्या सवयीने फाळका धाडकन खाली पाडला. "कला उब्या हाव? चरा गो बायांनो, चरा!"

बायकांना दोनदा सांगावं लागत नाही. चढायला पाट ठेवला गेला, दोघीतिघी चढल्यासुद्धा. ठमाबाय पदर खोचून तयार झाली.

मितेश खाली उतरला. किल्ली त्याने काढून खिशात टाकली होती. "मावशी, उतरा. आजी, थांबा जरा. काका, नाही."

"काय न्हाय?"

"मागे माणसं नाही."

ह्यांना कुणी नाही म्हटलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं, आणि ह्यांनी ऐकलं नव्हतं. आधी लाल झाले, मग आवाज चढला. "माजे भैनीचे घरान हलद हाय! धवलारीन रस्त्यावं उबी हाय! गारी माजी हाय!"

"गाडी तुमची आहे, काका. लायसन माझं आहे."

"मंग आयक. आज ही मानसा गेली न्हाय, तं माजे पोरीचा इचार सोर. जो मानूस अरचनीला गारी देत न्हाय, त्याला मी पोर देत न्हाय."

हे असं भर मैदानात. आजवर जे फक्त आमच्या चार भिंतींत होतं, ते आता आळीभर झालं. दिपालीचा चेहरा पांढरा पडला. तिथल्या तिथे ह्यांच्या डोक्यात घागर ओतावी असं मला वाटलं, पण जवळ घागर नव्हती.

मितेशही घाबरला होता. पण तो सरळ म्हणाला, "काका, मागे माणसं भरली आणि लायसन गेलं, तर तुमच्या पोरीला खायला काय घालू?"

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या. एकट्या दिपालीने तोंडावर ओढणी धरली.

त्या हशात मितेशने फाळका वर करून कड्या लावून टाकल्या. "पुढे दोन सीट आहेत. कागदावर तेवढ्याच आहेत. ठमाआजी आणि काकी पुढे बसतील, म्हणजे हळद वेळेवर लागेल. बाकीच्यांना रिक्षा बोलवू."

दिपाली तोवर फोन कानाला लावून नाक्यावरच्या रिक्षा बोलवायला लागलीच होती. हे म्हणाले, "आनि मी?"

"तुम्ही पण रिक्षाने, काका."

आपल्याच टेम्पोतून उतरवलेला मालक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. ठमाबायला पुढची पायरी चढता येईना, तर सवयीने हात द्यायला हेच पुढे आले. रागाने तोंड फिरवलेलं, पण हात दिलेला. असे आहेत आमचे हे.

मितेशने ठमाबायचा पट्टा लावून दिला. गाडी हायवेला लागली आणि ठमाबाय काचेतून बघतच राहिली. गोडाऊनांच्या रांगा, उड्डाणपूल, समोरून येणारे कंटेनर. लहान पोरीसारखी मान इकडेतिकडे करत होती.

"पार्वते, पुरचे सीटवरनं असा दिसतंय व्हय गो सगला?"

"म्हंजे?"

"मी जल्मभर मांगंच बसले. फालक्याला टेकून. मना नेमी गेलेला रस्ताच दिसला, येनारा कंदी दिसला न्हाय." मग ती हसली. "किती लगना लावली, पन पुरं बस म्हनून आजपरत कुनी बोलला न्हाय."

आमच्याकडे लग्नात पहिला मान धवलारणीचा. साडी तिला, नारळ तिला, ओटी तिची. आणि हा सगळा मान घ्यायला तिने यायचं ते मागे, खुर्च्या आणि ढोलांच्या मधे बसून. माझ्या स्वतःच्या लग्नालाही ती अशीच आली असणार. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि त्या दिवशी आलं तेव्हा मनाला फार लागलं.

"दांडा धरून बस आजे," मी म्हटलं, कारण मितेशने ब्रेक लावला होता. तिने डाव्या हाताने दांडा धरला. उजवा मांडीवरच ठेवला.

"यो हात दाबाला नाय येत गो. तुलशीरामचे गारीनच परले हुते. एकदम ब्रेक लागला नि मी ढोलावं." तिने मनगट दाखवलं. हाड वाकडं बसलेलं होतं.

"कवा? आमाला कला न्हाय सांगतला?"

"लगीन हुता गो. लगनान कला सांगाचा? पदराखाली हात धरला नि धवले गायले."

मितेश रस्त्याकडे पाहत होता, पण गाडी त्याने आणखी सावकाश केली.

हळद वेळेवर लागली. हे उशिरा पोचले. रिक्षात दोघींच्या कडेला बसून आलेले, सदऱ्याची घडी मोडलेली आणि राग तसाच. बहिणीला म्हणाले, "बगलास ना, मना माजे गारीनशी उतरवला! ज्याला मानसांची किंमत न्हाय—"

मी काही बोलणारच होते, पण माझ्यावर तशी वेळ आली नाही. ठमाबाय हळदीची वाटी घेऊन पाटाशी बसली होती. तिने तिथूनच हात वर केला.

"तुलशीराम, हिकरं ये. यो हात बग."

हे वाकले. पाहिलं. "काय झाला व्हता?"

"तुजे गारीन परले. जुनी गोष्ट हाय. तुजा दोस न्हाय रं, तू तं मायेनंच न्हेलास." ती अगदी साधं बोलत होती, एखादीने भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "पन आज मी पुरं बसून आयले. यो पोरगा मना पट्टा लावून हलू हलू घेवून आयला. मानसांची किंमत तुला हाय, त्यालाबी हाय. त्याला जरा जास्ती हाय."

हे तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी तिचं वाकडं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि कपाळाला लावलं. लग्नघरात एवढी माणसं होती, पण ह्यांना कुणाची लाज वाटली नाही. मला ह्यांचा इतका राग आला होता सकाळपासून, तो तिथेच गेला. चांगल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, हीच तर माझी अडचण आहे.

मग हे मांडवाबाहेर गेले. मी मागोमाग गेले, कारण ह्यांचा भरवसा नाही. मितेश माल भरायला जाण्याआधी टेम्पोत बसून घरून आणलेला डबा उघडत होता. एवढं ऐकून घेतल्यावर पोराने मांडवात यायचं तरी कोणत्या तोंडाने?

ह्यांनी काचेवर टकटक केलं. "काय करतंस?"

"जेवतोय, काका."

"डबा बंद कर. लगनघर समोर असताना जावई गारीन जेवतंय व्हय?"

मितेशच्या हातातली चपाती तशीच राहिली. दिपाली कुठून आली कोण जाणे, पण ती माझ्या पाठीमागे होती, आणि तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

त्या संध्याकाळी ठमाबायने नवीनच धवला रचला. नवरी रुचिका, पण धवल्यात नाव ह्यांचं.

"तुलशीदादाचे टेंपोचा गो, लागला मांगं फालका,
धवलारीन पुरचे सीटला गो, मालक गेला चालता..."

मागून ओळ उचलायचं काम माझं. इतक्या आनंदाने मी आजवर कुठली ओळ उचलली नाही. खरं तर हे रिक्षाने गेले होते, पण धवल्यात थोडं वाढवून सांगायची मुभा असते.

तीन महिने सरले. ह्यांनी प्रशिक्षण पुरं केलं. तिथला मास्तर आपल्यापेक्षा लहान आहे म्हणून आधी नाक मुरडलं, मग घरी येऊन त्याचंच शिकवणं मला शिकवायला लागले. लायसन परत आलं, आणि त्याच मोसमात दिपालीचं लग्न धरलं. वऱ्हाड पूर्ण्याला जायचं होतं. मैदानात दोन मिनीबस उभ्या केल्या, आणि टेम्पो धुऊन त्यांच्या पुढे. टेम्पोत फक्त रुखवत आणि भांडी.

तरीही दोन बायका सवयीने फाळक्याकडे गेल्याच. हे तिथे आडवे उभे. "गो बाय, मांगं भांडी हान. मानसा बसमंदी."

"अवं तुलशीदादा, आपलीच गारी ना?"

"आपली हाय म्हनूनच बोलतंव!"

मग ह्यांनी पुढचं दार उघडलं आणि ठमाबायला हात दिला. धरला तो तिचा डावा. तिच्या उजव्या हाताला ह्यांनी कोपराखालून नुसता आधार दिला. तिचा पट्टा लावला, आपला लावला. मी मधल्या सीटवर बसले. हे स्टेअरिंगवर हात ठेवून क्षणभर तसेच बसले. तीन महिन्यांनंतर आपल्या जागी बसण्याचा आनंद, आणि पोर चालली त्याचं दुःख, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसत होतं.

गाडी निघाली. एवढी सावकाश की मागच्या मिनीबसवाल्याने हॉर्न दिला. ठमाबायला आता पुढून जाण्याची चटक लागली होती. ती म्हणाली, "अरं तुलशीराम, जरा जोरान घे की रं. लगीन पोरीचा हाय!"

ह्यांनी समोरची नजर हलवली नाही.

"लगीन पोरीचा हाय, आजे," हे म्हणाले. "लायसन माजा हाय."